तेरा महिन्यांची बारामासी: कामाच्या नोंदी

८ जून २०२३, मृग

पंचांगात आज मृग लागला. डोंबिवलीत मात्र अंगाची लाही होतेय.

कोजागिरीला आमच्या सोसायटीत गाण्यांचा कार्यक्रम असतो. यंदा ठरवलं की दुसऱ्यांची गाणी म्हणण्यापेक्षा एक आपली बारामासी करायची. मुंबईला गेलेल्या माणसाची वाट बघणारी कोकणातली बाई, बारा महिने, बारा कडवी. शब्द माझे, चाल पेटीवाल्या मित्राची, गाणार माझी मावसबहीण. आजवर वाढदिवसांना चार ओळी जुळवण्यापलीकडे मी काही लिहिलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

दोन संध्याकाळींत बाराही कडवी झाली. चैत्रात कोकिळा, वैशाखात मोगरा, श्रावणात ऊनपाऊस, शरदात चांदणं. एवढ्या झटपट झाल्याचा आनंद आहे. (नंतरची भर: हे वाक्य खोडावंसं वाटलं होतं. मुद्दाम ठेवलंय.)

१४ जून

मित्राने पेटीचा भाता उघडलाच नाही. कागद वाचला आणि विचारलं, "ही बाई करते काय?"

"वाट बघते."

"ते कळलं. दिवसभर करते काय? खिडकीत बसून असते?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'श्रावणसरींनी भिजले रान, तुझ्या आठवांत हरपले भान' ही माझी लाडकी ओळ. तिच्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "भान हरपलं तर भाताची लावणी कोण करणार?"

मग त्याने एक खेळ केला, तो कुणीही करून बघावा. कडव्यांतली महिन्यांची नावं त्याने आपसांत बदलली. श्रावणाच्या जागी आश्विन, फाल्गुनाच्या जागी मार्गशीर्ष. दोन-चार फुलं इकडची तिकडे केली की गाण्याचं काहीच बिघडत नव्हतं. बाईला कुठल्याही महिन्यात सारखंच दुःख. बाराही कडवी रद्दीत.

वाया गेलेला वेळ: सहा दिवस. खर्च: काही नाही. अब्रू धरली तर थोडा.

२५ जून

आज मोसमी पाऊस मुंबईत पोचला, आणि त्याच दिवशी दिल्लीतही. रत्नागिरीला येऊन दोन आठवडे तिथेच अडून बसला होता.

अडून बसलेल्या पावसाच्या दिवसांत थोडं वाचलं. सगळं इथे लिहीत नाही, कामाला आलं तेवढं लिहितो. मेघदूतातल्या यक्षाला शाप एका वर्षाचा. कार्तिकात विष्णू शेषावरून उठला की शाप सुटणार. त्याला आषाढात ढग दिसतो तेव्हा नेमके चार महिने उरलेले असतात. म्हणजे तो नुसता झुरत नाहीये, मोजतोय. जायसीच्या 'पद्मावत' काव्यात नवऱ्याची वाट बघणाऱ्या नागमतीची बारामासी आहे, ती चैत्रात नाही, आषाढात सुरू होते. कारण सरळ आहे. पूर्वी पावसात वाटा बंद व्हायच्या. परगावी गेलेल्याने पाऊस पडायच्या आत घर गाठायचं. पेशवाईतल्या फौजासुद्धा दसऱ्याला निघायच्या आणि पावसाळ्याला छावणीत परतायच्या. पहिला ढग आला आणि माणूस आला नाही, तर तो दसऱ्यापर्यंत येत नाही, हे त्या बाईला ठाऊक असतं. ढग काळा असल्यामुळे ती रडत नाही. मुदत टळली म्हणून रडते.

वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'ऋतू = मुदत'.

आता आमच्या चाकरमान्याच्या मुदती कोणत्या? गणपती आणि शिमगा. जमलं तर मे महिना. आणि पूर्वीच्या काळी किनाऱ्याच्या आगबोटी पावसाळ्यात बंद असत, ती एक. म्हणजे गाणं मिरगापासून सुरू व्हायला हवं. पहिली ओवी रात्री साडेअकराला लिहिली:

मिरीग लागला बाई, बोट लागंना बंदराला
आता दसऱ्यापत्तूर गाठ बांधली पदराला

यमक जुळलं याचं कौतुक नाही. या ओवीतला मिरीग काढून दुसरा महिना घालून बघितला. बसत नाही.

८ जुलै, शनिवार, संगमेश्वर तालुका

माझी आत्या ऐंशी वर्षांची आहे. जात्यावर बसून तिने आयुष्यभर ओव्या म्हटल्या. तिच्याकडून शब्द घ्यायचे म्हणून दिव्याहून सावंतवाडीची गाडी पकडली. एका मित्राचा जुना रेकॉर्डर साडेसहा हजारांना घेतला होता, तो पिशवीत.

चूक क्रमांक एक: जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात कोकणात कुणाला भेटायला जाऊ नये. लावणी ऐन भरात. आतेभाऊ, वहिनी, शेजारी, सगळी चिखलात. आत्याही इरलं घेऊन बांधावर उभी, चिखलात उतरायला आता मनाई आहे म्हणून तिथूनच सूचना देत. मी रेकॉर्डर घेऊन बांधावर पोचलो तर म्हणाली, "ते खेळणं खिशात घाल नि त्या मुठी इकडं दे." संध्याकाळपर्यंत रोपांच्या मुठी वाहिल्या. रेकॉर्डिंग शून्य मिनिटं.

पण येताना एक गोष्ट हाती लागली. पावसाची एक सर आली तशी आत्या म्हणाली, "हा तरणा." पुनर्वसूच्या पावसाला 'तरणा' म्हणतात आणि त्याच्या पुढच्या पुष्याच्या पावसाला 'म्हातारा', हे मी लहानपणी ऐकलं होतं नि साफ विसरलो होतो. दोन्ही नक्षत्रं जेमतेम चौदा-चौदा दिवसांची. महिनाभरात तारुण्य आणि म्हातारपण दोन्ही पडून जातात. असा शब्द आपल्या पदरचा सुचला नसता.

९ जुलै

सकाळी आत्याला खुर्चीत बसवलं, रेकॉर्डर समोर ठेवला, "म्हण" म्हटलं. तिला काही आठवेना. चार ओव्या सुरू झाल्या नि अर्ध्यात अडकल्या. ती ओशाळली, मग मीही.

वहिनीने तोड काढली. पडवीच्या कोपऱ्यातलं जातं पुढे ओढलं, मूठभर नाचणी आणली आणि आत्याचा हात धरून खुंट्यावर ठेवला. पहिले दोन-तीन फेरे नुसतेच फिरले. मग तिचा उजवा हात वैरण, म्हणजे जात्याच्या तोंडातले मूठभर दाणे, घालायला सुपाकडे गेला आणि तोंडातून ओवी आली. कुणी म्हण म्हटलं नव्हतं. हात थांबला की ओवी थांबायची, फिरला की पुढची ओळ. पाऊण तासात एकवीस ओव्या झाल्या.

एकवीसच्या एकवीस फुकट गेल्या. रेकॉर्डर मी जात्याच्या शेजारी शेणाने सारवलेल्या जमिनीवर ठेवला होता. ऐकलं तर नुसती घरघर, आवाज कुठेतरी लांब विहिरीतून यावा तसा. शिवाय जात्याला बरीच वर्षं टाकी लावलेली नव्हती, म्हणजे छिन्नीने दगड खडबडीत केलेला नव्हता. गुळगुळीत झालेला दगड दळत नव्हता, घसरत होता. त्याची एक चीं-चीं सगळ्यावर.

२२ जुलै

दुसरी खेप. मधल्या काळात आतेभावाने पाथरवट बोलावून जात्याला टाकी लावून घेतली. तीनशे रुपये आणि जेवण. आवाज एकदम बदलला. आधी किंचाळत होतं, आता घुमतंय.

रेकॉर्डिंगसाठी केलेले बदल, जसे सुचले तसे: रेकॉर्डर जमिनीवरून उचलून आत्याच्या मागच्या भिंतीतल्या कोनाड्यात, तिच्या कानाच्या उंचीवर ठेवला. जात्याखाली गोधडीची चौपदरी घडी. पंखा बंद, कारण पंखा आपल्याला ऐकू येत नाही पण यंत्राला येतो. पावसाचा आवाज वेगळा घेतला, मागच्या पडवीत. तिथे कौलं आहेत. पुढे पत्रा आहे, त्याच्यावरचा पाऊस गाण्यात घातला तर कुणी टाळ्या वाजवतंय असं वाटतं.

आत्याने स्वतः गायचं मात्र नाकारलं. "लोकांत माझा आवाज नको. तुला शब्द पायजेत ते घे, नि जात्याचा आवाज घे." तसंच ठरलं. तिच्या ओव्या माझ्या वहीपुरत्या. गाण्यातल्या सगळ्या ओळी माझ्या, तिने तपासलेल्या.

चार दिवसांपूर्वी अधिक श्रावण लागला. दळताना मध्येच ती म्हणाली, "त्या वर्षीबी दोन श्रावण होते."

कुठलं वर्ष ते मी विचारलं नाही. घरी येऊन पंचांग बघितलं. अधिक महिना साधारण एकोणीस वर्षांनी फिरून त्याच जागी येतो. २०२३, २००४, १९८५. आतोबा परळच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा घरी आले, दोन पिकं केली आणि दुसरं काम बघतो म्हणून परत गेले. मनिऑर्डरी येत राहिल्या. ८५ साली अधिक श्रावणामुळे गणपती महिनाभर पुढे गेले. तो एक महिना ती जास्तीची थांबली. आतोबा आले नाहीत. पुढचं घरात कुणी मोठ्याने बोलत नाही, मीही लिहीत नाही.

मनिऑर्डरीच्या फॉर्मला खाली निरोपासाठी एक चिटोरं असायचं, दोन-तीन ओळी मावतील एवढं. आत्याने ती सगळी देव्हाऱ्याखालच्या डब्यात ठेवलीत. तिने एकच दाखवलं. निळ्या शाईत, ओलीने पसरलेलं: 'पाऊस कमी झाला की येतो.'

गाडी तीन तास उशिरा. फलाटावर बसून लिहिलं:

तरण्या पावसात मी लावणीला उभी
म्हातारा लागला तरी वाट तशीच उभी

यंदा अधिक आला, दोन-दोन श्रावण
एकाची वाट पाहिली, दुसऱ्याला काय कारण

दुसरी ओवी फोनवरून आत्याला वाचून दाखवली. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "पीठ नेलंस का?" विसरलो होतो.

२० ऑगस्ट

चालीवर पाच बैठका, चार वाया. मित्राने आधी मल्हाराच्या अंगाने बांधली. ऐकायला छान. पण तान आली की बाई जात्यावरून उठून मैफलीत जाऊन बसते. मग त्याने आत्याची रेकॉर्डिंगं आठवडाभर लोकलमध्ये ऐकली आणि सगळं टाकून दिलं. आता चाल पाच सुरांत आहे. ओळीच्या शेवटी स्वर चढत नाही, खाली बसतो, जातं वळण घेतं तिथे.

मीही अक्षरं मोजणं सोडलं. फेरे मोजतो. आत्याच्या एका ओळीला साधारण चार फेरे लागतात. ओळ त्यात मावली पाहिजे, मग ती आठ अक्षरांची असो की दहा.

कौलांवरच्या पावसाची रेकॉर्डिंग थोडी लांब हवी होती. म्हटलं श्रावणात काय, कधीही मिळेल. निज श्रावण लागला, पाऊस बेपत्ता. आतेभाऊ रोज सांगतो, आज ऊन. शेवटी जुलैतल्या सव्वादोन मिनिटांचाच तुकडा जोडून लांबवला. (नंतर कळलं की देशभरात १९०१ नंतरचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट तो हाच. आम्ही श्रावणाचं गाणं करत होतो.)

२१ सप्टेंबर, गौरी आवाहन, गाव

गणपतीला मीही चाकरमानीच. आरक्षण मिळालं नाही, एसटीने आलो, तेरा तास.

आमच्याकडे गौर तेरड्याची. वहिनी आणि शेजारच्या मुली ओढ्याकाठून तेरडे मुळासकट उपटून आणतात, पाटावर पावलं काढत आत येतात. आत्या दारात उभी राहून पावलं मोजत होती. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, गौरही तीन दिवसांची. भाद्रपदाची ओवी दोन महिने अडली होती, ती तिथे उंबऱ्यावरच सुटली:

तेरड्याची गवर बाई, तीन दिसांची पाहुणी
तुझी रजा तेवढीच होती, तीबी आली न्हाय अजूनी

दुपारी आत्याला बाकीचे महिने वाचून दाखवले. कार्तिकाच्या ओवीत मी 'भात कापून कणगीत भरलं' लिहिलं होतं. तिने कान पकडला. कापलेलं भात थेट कणगीत जात नाही, मध्ये झोडणी आहे. बदललं:

भात झोडून झालं, कणगी भरली काठोकाठ
एकलीच्या जेवणाला केवढं मोठं हे ताट

माघ काही केल्या होत नव्हता. थंडी घातली, आंब्याचा मोहोर घातला, सगळं उसनं वाटत होतं. तिलाच विचारलं, माघात काय वाटायचं?

"माघात काय वाटायचंय? माघात त्याची यायची वेळच नव्हती. मग वाट कशाला बघू?"

माघ काढून टाकला. अकरा महिने आणि एक अधिक, कडवी बाराच राहिली.

७ ऑक्टोबर

स्टुडिओ, ताशी आठशे रुपये, कल्याणला. तीन तासांत होईल असा अंदाज होता, साडेपाच लागले.

चूक: जात्याचा आवाज आणि यंत्राचा ठेका एकत्र चालवायला गेलो. जातं काही घड्याळ नाही. वैरण घातली की जड होतं, दाणे संपत आले की हलकं होऊन पळतं. बहीण ठेक्यावर गात होती आणि जातं कधी तिच्या पुढे, कधी मागे. दोन तास त्याला मारून मुटकून बसवण्यात गेले. तिथल्या मुलाने संगणकावर जात्याचे फेरे कापून सारखे करून दिले, तर ते पिठाच्या गिरणीसारखं वाजायला लागलं.

मग ठेका बंद केला. बहिणीच्या कानात नुसतं जातं सोडलं आणि तिला जात्याचा खुंटा धरल्यासारखा हात फिरवत गायला सांगितलं. तिने आधी लाजून नकार दिला. मग काचेमागचे दिवे कमी करायला लावले आणि डोळे मिटून सलग बारा ओव्या म्हटल्या. तबला ठेवलाच नाही. तबलजीला यायचे हजार रुपये द्यावे लागले, ते बरोबरच आहे.

२८ ऑक्टोबर, कोजागिरी

आज चंद्रग्रहण. मध्यरात्रीनंतर एकच्या सुमाराला, आणि दुपारपासून वेध. कार्यक्रम ठरवताना एकानेही पंचांग उघडलं नव्हतं, मी तर चार महिने पंचांग घेऊन फिरतोय. दूध आटवायचं की नाही यावर सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस वाद. शेवटी दूध रद्द, कार्यक्रम आठला सुरू करून दहाला संपवायचा. दरवर्षी शंभरेक माणसं असतात, आज चाळीस-पंचेचाळीस.

बारामासी नऊ मिनिटांची झाली. चौथ्या-पाचव्या ओवीला मागची मुलं उठून गेली. पुढच्या रांगेतल्या दोन आजी मात्र हात फिरवायला लागल्या, मांडीवरच. एका गृहस्थांनी नंतर येऊन चूक दाखवली, माघ राहिला. मी म्हटलं, राहिला नाही, काढला. त्यांना पटलं नाही.

५ नोव्हेंबर

आतेभावाने आत्याला फोनवर गाणं ऐकवलं आणि मला जोडून घेतलं. तिने पूर्ण ऐकलं. मध्ये एकदा खोकली. संपल्यावर म्हणाली, "बरं झालंय. पण शिमग्याचं खोटं हाय."

शिमग्याच्या ओवीवर माझा फार जीव होता. ग्रामदेवतेची पालखी घरोघर नाचवत आणतात, घरातला कर्ता पुढे होऊन नारळ देतो. कर्ता मुंबईत. म्हणून मी लिहिलं होतं:

शिमग्याला पालखी दारी आली नाचत
तुझ्या नावाचा नारळ मी ठेवलाय राखत

"राखून कुठला ठेवतंय? घरात चार पोरं, शिमग्याच्या दिवसांत डब्यात तांदूळ किती असायचे तुला काय म्हायत? फोडला नि खाल्ला."

मागून आतेभाऊ हसत ओरडला, "मोठा तुकडा मी घेतला होता!"

काल पुन्हा कल्याणला जाऊन एक ओळ बदलली. बहिणीचा आवाज त्या दिवसासारखा लागायला वीस मिनिटं गेली, गाऊन झालं तीनमध्ये. अर्ध्या तासाचे चारशे. रेकॉर्डर, चार खेपांचा प्रवास, टाकी, स्टुडिओ, तबलजी धरून एकूण सोळा हजार दोनशे. ओळ आता अशी आहे:

शिमग्याला पालखी दारी आली नाचत
तुझ्या नावाचा नारळ पोरांनी खाल्ला वाटत